जे तिला येत होतं

माझ्या बहिणीला स्वतःची आंघोळ स्वतः करता येत नाही, असं मी एका सरकारी इस्पितळात सांगितलं आणि त्याखाली सही केली. ते खोटं होतं. ती एक्केचाळीस वर्षांची आहे आणि बाराव्या-तेराव्या वर्षापासून बाथरूमची कडी आतून लावून स्वतः आंघोळ करते. मी हे बोललो तेव्हा ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसलेली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिला हिंदी माझ्याइतकीच कळते, तिचा जन्मच दिल्लीचा.

हे मी का केलं ते सांगतो. कारण मोठं असेल असं वाटत असेल, तर तसं नाही. माझी बदली भुवनेश्वरला निघत होती. मुलगा बारावीत होता, दिल्लीच्या द्वारकेतला फ्लॅट नुकताच रंगवून घेतला होता आणि मला जायचं नव्हतं. बस.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी आहे. बदल्यांच्या यादीची कुणकुण लागली की आमच्याकडे माणसांचे आजार वाढतात. कुणाचं मणक्याचं दुखणं, कुणाच्या सासूचं डायलिसिस. शेजारच्या टेबलावरचा सहकारी त्यातला जाणकार. जेवणाच्या सुट्टीत डब्यातल्या राजम्यात चमचा फिरवत तो म्हणाला, "सर, आपके घर में तो वो सिस्टर हैं ना? फिर टेंशन काहे का? केअरगिव्हर में डाल दो अपने को."

"सर्टिफिकेट नहीं है यार."

"तो बनवा लो. पर देखना, हल्कावाला मत बनवाना. पचास परसेंट को कौन पूछता है! पचहत्तर लाओ, फिर आपको कोई कुर्सी से नहीं हिला सकता."

घरात दिव्यांग माणूस असेल आणि त्याची देखभाल करणारा कर्मचारी तुम्ही असाल, तर नेहमीच्या बदलीतून सूट मिळते, असा नियम आहे. चांगला नियम आहे. खरोखर देखभाल करणाऱ्यांसाठी केलेला. आमच्या घरात माझ्या बहिणीची जी काही देखभाल होते ती माझी बायको करते, आणि घरातली निम्मी कामं माझी बहीण करते. मी ऑफिसला जातो.

एवढी वर्षं तिचं सर्टिफिकेट का नव्हतं, तर वडिलांना ते नको होतं. तेही सरकारी नोकर, नागपूरहून आलेले, शिकून वर आलेले. आमच्या समाजात पहिल्या पिढीनं शिक्षणावरच सगळं उभं केलं, आणि त्या घरात एक मुलगी तीनदा बसूनही तिसरी पास होत नाही, हे त्यांना कागदावर बघवत नव्हतं. "ती साधी आहे," एवढंच ते म्हणायचे. नातेवाईक "डोक्यानं जरा कमी" म्हणायचे. शाळेतल्या बाईंनी "मंदबुद्धी" म्हटलं तेव्हा वडिलांनी शाळाच सोडवली. तिला नक्की काय आहे, कशाला काय म्हणतात, तिला काय शिकवता येईल, हे कुणी कधी विचारलंच नाही. मीही नाही. आई-वडील गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि मी "साधी" हाच शब्द पुढे चालवला.

ती साधी वगैरे अजिबात नाही. हट्टी आहे. राग आला की स्वतःचा हात चावते. वाचता येत नाही, बारापुढे मोजता येत नाही, रस्ता ओलांडताना पाय गळतात. एकदा गर्दीच्या मेट्रो स्टेशनवर माझा हात सुटला तर खांबाला मिठी मारून उभी राहिली होती, पोलिसानं सोडवली. पण घड्याळ न कळता सोसायटीच्या पाण्याची वेळ तिला बरोबर कळते. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत तिच्या गोळ्या हीच द्यायची, रंगांवरून, आणि एकदाही चुकली नाही. आणि पोळ्या. तिच्या पोळीसारखी पोळी माझ्या बायकोला जमत नाही, हे बायकोच सांगते.

त्या पोळ्यांमुळेच तिला कुठेतरी जायचं होतं. आमच्या सेक्टरच्या मागे एक संस्था आहे. तिथे तिच्यासारखी मोठी माणसं डबे बनवतात आणि आसपासच्या ऑफिसांना पुरवतात. बायको तिला एकदा घेऊन गेली होती. तिथे तिला टोपी घालायला दिली, तिनं आठ पोळ्या केल्या, तिथल्या बाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवल्या. त्यानंतर वर्षभर रोज एकच विषय. "दादा, मी कधी जाणार? नवी बॅच कधी?" संस्थेनं सांगितलं होतं, नव्या बॅचला घेऊ, सर्टिफिकेट आणि त्यासोबतचा रिपोर्ट आणा.

म्हणजे सर्टिफिकेट तिलाही हवं होतं. मी स्वतःला सांगितलं, एका कागदात दोन कामं होतील.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी तिला सोफ्यावर बसवून शिकवलं. "उद्या मॅडम चित्रं दाखवतील, प्रश्न विचारतील. तू म्हणायचं, नहीं पता."

"पण पता असेल तर?"

"तरीपण."

"मग ते खोटं होतं ना, दादा?"

"खोटं नाही गं. गंमत आहे. मॅडमची गंमत करायची."

तिला गंमत आवडते. आम्ही सराव केला. मी चमचा दाखवायचा, तिनं म्हणायचं नहीं पता. ती हसून लोळायची. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, काय शिकवताय तिला?" ती म्हणाली. मी म्हणालो, ऑफिसचं आहे. ती आत गेली.

इस्पितळाच्या त्या व्हरांड्यात सकाळी आठपासून माणसं होती. बहुतेक आया. एका बाईच्या मांडीवर वीस वर्षांचा मुलगा डोकं ठेवून झोपला होता, त्याची लाळ तिच्या ओढणीवर. फिनाइलचा वास, त्यात कुणाच्या तरी पराठ्यांचा वास. खिडकीतला क्लार्क मंदबुद्धींसाठी 'एमआर' हा जुना शब्द वापरत ओरडत होता, "एमआर वाले इधर, पागलवाले उधर! कितनी बार बोलूँ?" कुणी त्याला काही बोललं नाही. मीही नाही. त्याच्याबद्दल मला शिसारी आली होती आणि मी त्या शिसारीवर खूश होतो, जणू मी त्याच्यापेक्षा वेगळा. तासाभरानं मी त्याच्यापेक्षा वाईट वागलो.

आत मानसतज्ज्ञ मॅडम होत्या, पस्तिशीच्या, दमलेल्या. त्यांनी बहिणीला "दीदी" म्हटलं, चांगलं बसवलं. चित्र दाखवलं. कुलूप होतं.

"दीदी, ये क्या है?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. "नहीं पता."

मी मान हलवली. शाबास म्हणून. ती खूश झाली. तीन-चार प्रश्न असेच गेले. मग मॅडमनी लाटणं आणि पोळपाटाचं चित्र ठेवलं. "चकला-बेलन!" ती पटकन म्हणाली आणि दोन्ही हातांनी तोंड दाबलं, डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत. मॅडमनी पेन थांबवलं. मी म्हणालो, "कभी-कभी बोल देती है, जी. सुना-सुनाया."

त्यानंतर प्रश्न मला होते. स्वतः जेवते का, कपडे घालते का, एकटी जवळपास जाते का, घरात काय काम करते.

"खुद नहाती हैं?"

"नहीं जी. मेरी वाइफ नहलाती हैं."

बहिणीनं माझी बाही ओढली. "दादा, मी तर..."

"गप्प बस."

"पीरियड्स में खुद सँभाल लेती हैं?"

"नहीं जी. सब वाइफ करती हैं."

मी तिच्याकडे पाहिलं नाही असं म्हणणार होतो, पण पाहिलं. ओढणी छातीशी धरून, मान खाली घालून ती फरशीकडे बघत होती. चेहरा लाल. गंमत संपली होती. परक्या बाईसमोर, सख्ख्या मोठ्या भावानं, तिच्या अंगाबद्दल हे सांगितलं होतं. लाज वाटायला जेवढी बुद्धी लागते तेवढी तिला होतीच. मला मात्र त्या खोलीत ती वाटली नाही. मी मनात गुण मोजत होतो, पंचाहत्तर होतील ना.

झाले. सर्टिफिकेटवर "मध्यम" आलं, पंचाहत्तर टक्के. रिपोर्टमध्ये सामाजिक वय सहा वर्षं. माझं नाव यादीतून निघालं. त्या दिवशी मी ऑफिसात काजूकतली वाटली. उरलेला डबा घरी आणला आणि पहिला तुकडा बहिणीच्या तोंडात घातला. हेही मी केलं.

त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी ती टॉवेल आणि कपडे घेऊन बाथरूमच्या दाराशी उभी राहिली. आत जाईना. बायको म्हणाली, "जा ना, पाणी गार होईल."

"तू घाल."

"काय?"

"आंघोळ. दादानं मॅडमला सांगितलं, वहिनी घालते."

इस्पितळात मी काय सांगितलं ते बायकोला माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी वर्तमानपत्र वर धरलं. तिनं ते खाली ओढलं. "काय सांगितलंत तुम्ही?" मी सांगितलं, थोडं, कापून. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "छान. मग घाला आता तुम्हीच. तुम्ही केअरगिव्हर ना?"

बहीण तशीच उभी होती, टॉवेल पोटाशी धरून.

त्या दिवसापासून ती एकेक गोष्ट सोडत गेली. पोळ्या कर म्हटलं की "मला येत नाही". इस्त्री, "नहीं पता". सुरुवातीला मला वाटलं रुसली आहे, उतरेल. आइस्क्रीम आणलं, नवा ड्रेस आणला. तिनं आइस्क्रीम खाल्लं, ड्रेस घातला आणि पोळ्या केल्या नाहीत. बायकोच तिला बाथरूमच्या दारापर्यंत न्यायची, आत जाऊन नळ सोडायची, बाहेर येऊन उभी राहायची. कडी लागत नव्हती. आतून हाक यायची, "वहिनी, आहेस ना?" ती कडी न लागण्याचा आवाज, म्हणजे आवाज नसणं, मला दिवाणखान्यात ऐकू यायचं आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

मग संस्थेची नवी बॅच निघाली. मी स्वतः तिला घेऊन गेलो. मला वाटलं टोपी घातली की ती पूर्वीसारखी होईल. तिथल्या बाईंनी रिपोर्ट वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि चष्मा काढला.

"भाईसाहब, इसमें लिखा है खुद नहा नहीं पातीं. मासिक में भी खुद नहीं सँभाल पातीं. फूड का काम है. मैं कैसे रख लूँ?"

"वो तो... लिखने में ऐसा हो गया."

"लिखने में?" त्या म्हणाल्या. "लिखवाया किसने?"

पलीकडच्या खोलीतून मसाल्याचा वास येत होता. बहीण उड्या मारत टोप्यांची खुंटी बघत होती, त्या महिन्यात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काही हललं होतं. मी तिला म्हणालो, चल, आज सुट्टी आहे त्यांची. ती म्हणाली, "नाही, लोक आहेत आत." मी हात धरून तिला बाहेर आणलं. घरी येईपर्यंत ती हात चावत होती.

यानंतर तरी मी लगेच काही केलं असेल, असं वाटेल. केलं नाही. सात महिने गेले. खोटं कबूल केलं तर बदलीची फाइल पुन्हा उघडेल, कदाचित चौकशी होईल, ही भीती होती. तेवढ्यात ऑफिसात दुसऱ्याच्या प्रकरणासाठी बदलीतून सूट देणारा तो आदेश माझ्या टेबलावर आला आणि मी तो पहिल्यांदा नीट वाचला. सूट मिळायला चाळीस टक्के पुरेसे होते. सौम्य बौद्धिक दिव्यांगत्वाला पन्नास धरतात. म्हणजे तिथे मी खरं बोललो असतो, तर माझंही काम झालं असतं आणि तिचंही. ज्या माणसाची नोकरीच नियम वाचण्याची, त्यानं स्वतःच्या बहिणीसाठी एक पान वाचलं नव्हतं. राजमा खाणाऱ्या माणसाचं ऐकलं होतं.

खरं सांगायचं तर तो कागद वाचल्यावरच मला धीर आला. आता कबूल केलं तरी बहुधा बदली होणार नाही, हे कळल्यावर माझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. हेही मला लिहून ठेवायचं आहे. सहकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पागल हो गए हो क्या सर? बना-बनाया कागज़ कोई बिगाड़ता है?" त्याचं तोंड बघवेना. मग आठवलं की मी त्याला पाव किलो काजूकतली वेगळी दिली होती.

मी एकटाच आधी त्या मॅडमना भेटलो. सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "शक मुझे उस दिन भी था. चकला-बेलन पर. पर बाहर चालीस लोग थे." मग पेनाला टोपण लावत, "गलती मेरी भी है."

त्यांनी मला जे समजावलं ते मला चाळीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. लोकांना वाटतं बुद्ध्यांकाचा आकडा आला की झालं. त्या म्हणाल्या, आकडा हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे माणूस रोजचं जगणं कसं निभावतो: बोलणं, माणसांशी वागणं, अंग-कपडे-जेवण, काम. आणि हे दोन्ही लहानपणापासून, वाढीच्या वयापासून असायला हवं. मोठेपणी डोक्याला मार लागून आलं तर त्याचं नाव वेगळं. खिडकीतला क्लार्क ज्याला 'पागल' म्हणून ओरडतो तो मानसिक आजार तर पूर्णच वेगळा. सौम्य, मध्यम, तीव्र ही नावं त्या माणसाला किती आधार लागेल याच्या अंदाजासाठी आहेत. सामाजिक वय सहा याचा अर्थ ती सहा वर्षांची मुलगी आहे असा होत नाही. सहा वर्षांच्या मुलीनं आईला दोन वर्षं औषधं देऊन, मग तिला जाताना पाहिलेलं नसतं.

"और ये जो दूसरा हिस्सा है," त्या म्हणाल्या, "वो हम यहाँ देख नहीं सकते. घरवालों से पूछते हैं. जो बोलते हैं, लिख लेते हैं."

म्हणजे तिची अर्धी व्याख्या माझ्या तोंडात होती. त्या व्याख्येवर मी थुंकलो होतो.

फेरतपासणीचा अर्ज दिला. तारीख मिळाली त्या दिवशी बहिणीला घेऊन गेलो, बायकोही आली. तोच व्हरांडा. आत मॅडमनी कुलपाचं चित्र ठेवलं.

"दीदी, ये क्या है?"

"नहीं पता."

चमचा. "नहीं पता." लाटणं-पोळपाट. तिनं ते बराच वेळ पाहिलं. बोट पुढे आलं, मागे गेलं. "नहीं पता." या वेळी ती माझ्याकडे पाहतही नव्हती. मी शाबास म्हणावं अशी तिची अपेक्षा राहिली नव्हती. मॅडमनी वही मिटली. "ऐसे तो मैं फिर वही लिखूँगी," त्या मला म्हणाल्या. "इनको किसी ने बताया नहीं है कि अब बता सकती हैं."

बायको म्हणाली, "बोला."

मी स्टुलावरून उठलो. मग वाटलं उभं राहून बोलणं बरं दिसत नाही, म्हणून तिच्यासमोर खाली बसलो, फरशीवर. गुडघे वाजले. ती दचकली.

"ऐक," मी म्हणालो. "त्या दिवशी मी गंमत म्हटलं ना, ती गंमत नव्हती. मी खोटं बोललो. तुला सगळं येत होतं आणि मी नाही म्हणालो. मला बदली नको होती म्हणून. तुझी काही चूक नव्हती. संस्थेत तुला माझ्यामुळे घेतलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर."

ती माझ्या डोक्यावरून मॅडमकडे पाहत होती. मग म्हणाली, "मॅडमला मराठी येत नाही."

"हो."

"त्यांना सांग. हिंदीत सांग. त्या दिवशी हिंदीत सांगितलंस."

दार अर्धं उघडं होतं, बाहेरच्या आया आत बघत होत्या. मी वळलो. खाली बसल्या बसल्याच हात जोडले.

"मैडम, मैंने झूठ बोला था. मेरी बहन खुद नहाती है. पीरियड्स में भी खुद सँभालती है. बचपन से. रोटी बनाती है, हमारी माँ को दवाई देती थी. मैंने अपने मतलब के लिए इसकी बेइज़्ज़ती की, इसी के सामने. मैं इससे माफ़ी माँगता हूँ, आपके सामने."